जावयाची रॉक्स, मामाजींची बांधी

महिंद्रा कंपनीचा मुहूर्त आणि गोंदिया जिल्ह्याची रोवणी यांची तिथी जवळपास एकच आहे. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर काहीतरी नवे दाखवायचे, हा कंपनीचा अलीकडचा रिवाज. २०२० च्या १५ ऑगस्टला नवी थार दाखवली, २०२३ च्या १५ ऑगस्टला ओजा नावाचे लहान ट्रॅक्टर, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची थार रॉक्स. नेमक्या याच सुमारास आमच्याकडे तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत माणूस, बाई, हेला (म्हणजे रेडा) आणि ट्रॅक्टर असे चौघेही गुडघाभर चिखलात असतात. जाहिरातीत गाडी चिखलात उडी घेते, पाणी दोन्ही बाजूंना उसळते, मागे गिटार वाजते. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर (बांधावर) बसून मोबाइलवर ती जाहिरात पाहणारा शेतकरी आधी अंगठा धोतराला पुसतो. स्क्रीनवरचा चिखल गाडीचा आहे की आपला, एवढे त्याला खात्री करून घ्यायचे असते.

आता एवढा चिखल दाखवला म्हटल्यावर प्रश्न पडणारच, की ही गाडी शेतकऱ्याच्या कामाची आहे का? पुण्यामुंबईचे गाडीपरीक्षक याचे उत्तर लोणावळ्याच्या घाटात शोधतात. माझे म्हणणे असे, की चिखलाच्या बाबतीत मत घ्यायचे तर गोंदिया जिल्ह्याचे घ्यावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळे झालो तेव्हा आमच्या वाट्याला आठ तालुके, नवेगावबांध, नागझिऱ्याचे जंगल, शेकडो मालगुजारी तलाव आणि धान आला. बाकीच्या जगात चिखल आपोआप होतो. आमच्याकडे तो करावा लागतो. बांधीत पाणी धरायचे, ते मातीत असे कालवायचे की वरचा थर पातळ व्हावा आणि खालचा दाबून घट्ट बसावा. मग पाणी मुरत नाही, तण दबते आणि रोवणाऱ्या बाईच्या बोटांना पऱ्हा, म्हणजे धानाचे रोप, सहज खोचता येतो. म्हणजे ज्या गोष्टीतून बाहेर पडायला कंपनीने चारही चाकांना ताकद दिली, ती गोष्ट आम्ही डिझेल जाळून मुद्दाम तयार करतो.

तर २०२५ च्या पावसाळ्यात, ऐन रोवणीत, सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात नागपूरचा जावई रॉक्स घेऊन आला. गावाचे नाव सांगत नाही. जावयाला वाचनाची आवड आहे. सासरे पाच एकराचे धनी, अख्ख्या गावाचे मामाजी. घरी चहा होताच जावई म्हणाले, "मामाजी, चला, तुमच्या बांधीवर नेतो." मामाजी म्हणाले, "पांदणीनं?" जावई म्हणाले, "त्यासाठीच तर घेतली."

पानठेल्यावरची सगळी मंडळी उठून मागे निघाली. इतक्या पावसात माणूस उगाच चालत नाही, पण फुकटचा तमाशा मंडईच्या जत्रेआधी कुठे मिळतो?

वाचकाची आता अपेक्षा असेल की गाडी पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, फसणार, गाव गोळा होणार, कोणाचे तरी जुने ट्रॅक्टर दोर लावून ओढणार आणि लेखकाचे काम सोपे होणार. तसे काही झाले नाही. जावयांनी फोर बाय फोरचा दांडा खाली ओढला, गाडीने गुरगुर केली आणि ती गेली. जिथे बंडी टेकते, काळी-पिवळीवाला "पुढं नाही जात जी" म्हणून भाडे परत करतो, तिथून ती एक मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटरची रुंदी सांभाळत, बाभळीच्या फांद्या अंगावर घेत थेट धुऱ्याला जाऊन उभी राहिली. पानठेल्याच्या मंडळींचा थोडा हिरमोड झाला, पण न्यायाने बोलायचे तर गाडीने दिलेला शब्द पाळला.

मामाजी उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बाजारात बैल घेताना मारतात तशी. शेवटी समोर उभे राहून तोंडाच्या जाळीतल्या खाचा मोजल्या. सहा भरल्या.

"सहादाती आहे," ते समाधानाने म्हणाले. "कामाले लावाचं वय आहे. नांगर कुठं लागते जी, जवाईबापू?"

"नांगर नाही लागत, मामाजी."

"रोटावेटर?"

"नाही."

"मागून फिरता दांडा देऊन मळणी त चालत असन?"

"तसा दांडा नाही हिला."

"बरं. पऱ्ह्याच्या पेंढ्या त नेते? तिकडल्या बांधीत पोचवाच्या आहेत."

जावयांनी मागचे दार उघडले. आत हस्तिदंती रंगाचे गुबगुबीत आसन होते. मातकट रंगाचेही मिळत होते, पण निवड लेकीची होती. पऱ्ह्याच्या पेंढीतून गाळाचे पाणी टपटपत होते. पुढच्या आसनावरून लेक एवढेच म्हणाली, "बाबा!" मामाजींनी पेंढी परत खाली ठेवली.

"मंजे हे इथवर येते."

"हो, मामाजी."

"न मंग?"

जावयांनी क्षणभर विचार केला. "मग परत जाते."

"येवढं त मीबी करतो," मामाजी म्हणाले, "तेबी पायी."

या संभाषणात जावयाचा पाणउतारा झाला असे कोणी समजू नये. कारण मामाजींच्या सगळ्या प्रश्नांना या गाडीच्या आज्याने 'हो' म्हटले असते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतल्या विलीज कंपनीपुढे प्रश्न होता, की लढाईतली जीप आता विकायची कोणाला? उत्तर मिळाले, शेतकऱ्याला. १९४५ मध्ये आलेली पहिली नागरी जीप शेताच्या कामाची म्हणूनच जाहिरातीत आली. तिच्या मागे औजार ओढायचा दांडा असे, इंजिनाची ताकद बाहेर काढणारा फिरता दांडा घेता येई, त्यावर मळणीयंत्र आणि लाकूड कापायची करवत चाले. विलायतेत १९४८ साली लँड रोव्हर आली, तीही शेतकऱ्यालाच डोळ्यासमोर ठेवून. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला याच विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिथून थारचे घराणे निघाले.

मग घरात वाटणी झाली. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टरची वेगळी कंपनी काढली. वाटणीत ट्रॅक्टर नावाच्या भावाने नांगर, फिरता दांडा, औजार उचलणारे हायड्रॉलिक आणि सगळा घाम घेतला. जीप नावाच्या भावाने आडनाव, मिशी आणि फोटो घेतले. ट्रॅक्टरवाला भाऊ नागपूरच्या हिंगण्यातल्या कारखान्यातून बाहेर पडतो आणि थेट कामाला लागतो. जीपवाला भाऊ लग्नाला येतो. कोणत्याही एकत्र कुटुंबात हे दोन भाऊ असतातच. विचित्र एवढेच, की इथे कामाला येणाऱ्यापेक्षा लग्नाला येणाऱ्याची किंमत जास्त आहे.

जावई मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी एक बटण दाखवले. जमीन कशी आहे ते गाडीला सांगायचे, मग ती चाकांची चाल तशी बदलते. पर्याय तीन: बर्फ, रेती, चिखल.

बर्फाचे आम्ही मनावर घेतले नाही. विदर्भात सर्वांत थंड गोंदिया, अशी बातमी हिवाळ्यात हमखास छापून येते आणि आम्ही ती कात्रण काढून ठेवतो, पण धानाच्या पुंजण्यावर अजून बर्फ पडलेला नाही. रेतीच्या बटणाला वैनगंगेच्या काठी नक्कीच भविष्य आहे. परंतु तो प्रवास टिप्परवाले रात्री, दिवे मालवून करतात, आणि त्यांच्या मागे धावण्याची पाळी तहसीलदारांवर येते. हे बटण महसूल खात्याने सवलतीत मागून घ्यावे.

राहिला चिखल. रस्त्यावरचा चिखल आणि बांधीतला चिखल ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, हे कंपनीला माहीत आहे आणि जावयाला माहीत नव्हते. रबरी टायरच्या खाचांत बांधीचा गाळ भरला की टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरतो. म्हणून चिखलणीच्या वेळी आमचे ट्रॅक्टर लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून उतरते. गाळ त्या पिंजऱ्यातून आरपार निघून जातो. हेल्याचे तर खूरच चिरलेले, चिखलात पसरते आणि उचलताना मिटते. त्यासाठी त्याने कुठे पेटंट घेतलेले नाही. आणि समजा, गाडी बांधीत उतरलीच, तरी तिची चाके सपाटी मोडून चाकोऱ्या पाडणार. मग एका कोपऱ्यात धान बुडणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुकणार.

कंपनीच्या माहितीपत्रात लिहिले आहे की समोरून ४१.७ अंशांचा चढ ही गाडी तोंड न घासता चढते. त्याबद्दल अभिनंदन. पण धानाच्या बांधीत ४१ अंशांचा चढ सापडला, तर त्या शेतकऱ्याला गाडीची नव्हे, तलाठ्याची गरज आहे. त्याने शेत म्हणून डोंगर विकत घेतला आहे. आमच्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या तलावबांध्यांनी, पिढ्यान्पिढ्या एकच उद्योग केला: जमीन सपाट करायची आणि पाणी धरायचे. नवेगावबांधचा तलाव त्याचीच साक्ष आहे. त्या सगळ्या मुलखात चढ म्हणून एकच वस्तू शिल्लक राहिली. ती म्हणजे धुरा.

आणि धुऱ्यावर चाक घालू नये, हे कोणत्याही माहितीपत्रात लिहिलेले नसले तरी गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. धुरा इकडून अर्धा आपला असतो आणि तिकडून पूर्ण शेजाऱ्याचा. तो फुटला तर पाणी जाते, पाण्यामागे पऱ्हे जातात, पऱ्ह्यांमागे सोयरीक जाते. मग १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा कपाटातून बाहेर निघतो. इंग्रज जाऊन इतकी वर्षे झाली, पण शेतरस्त्याच्या भांडणात तो अजून धडधाकट आहे. चारही चाकांना ताकद देणारी गाडी त्या कायद्यातून बाहेर काढील, अशी सोय अजून निघालेली नाही.

गाडीच्या वरच्या प्रकारात रस्त्यावरचे पट्टे ओळखून गाडी मार्गावर ठेवणारी आणि समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे. पांदणीत पट्टे नव्हते. चाकोऱ्या होत्या, त्याही बंडीच्या. अडथळ्याचे म्हणाल तर समोर म्हैस आली की गाडी थांबते, हे खरे. म्हैस थांबत नाही. तिला कंपनीने काही कळवलेले नसते.

ऐन रोवणीत खरी आडवाटेची गाडी पाहायची असेल तर धुऱ्यावरून येणारी मोटरसायकल पाहावी. एक हात रुंदीचा ओला धुरा, त्यावर घसरत न घसरत चाललेली दुचाकी, टाकीवर ४५ किलो युरियाचे पोते, मागे बायको, बायकोच्या मांडीवर डबा, डब्यावर फवारणीचा पंप. कंपनीने हिच्या चढउताराचे अंश कधी छापले नाहीत. आणि जमिनीपासूनच्या उंचीची स्पर्धा लावली, तर बक्षीस सारसाला जाईल. महाराष्ट्रात हा पक्षी पाहायचा तर लोक गोंदियालाच येतात. माणसाएवढा उंच, लांब पायांचा, उभ्या धानातून एकही रोप न मोडता चालतो. शिवाय घरटेही शेतातच करतो, म्हणजे पार्किंगचा प्रश्न नाही.

पैशाचा विषय मामाजींनी सर्वांत शेवटी काढला, कारण जावयाशी पैशाचे बोलायला सासऱ्याला धीर लागतो. किंमत ऐकून ते काही बोलले नाहीत. हिशेब मी त्यांच्या वतीने करतो. रॉक्सची किंमत बाजारात आली तेव्हा १२ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती. पण चारही चाके ओढणारी हवी असेल तर सुरुवातच १८ लाख ७९ हजारांपासून, नोंदणी आणि विमा वेगळा. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला २,३०० रुपये. म्हणजे गाडी झाली ८१७ क्विंटल धानाची. एकरी १८ क्विंटल पिकले तर पाच एकरांत ९० क्विंटल. खत, मजुरी, औषध, तुडतुडा, करपा आणि घरच्यांचे दोन वेळचे जेवण यांवर एक रुपयाही खर्च न करता नऊहून थोडे अधिक खरीप हंगाम काढले, की गाडी दारात. त्या हंगामात सरकारने धानाला हेक्टरी २० हजार बोनस दिला, तोही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे हाती फार तर ४० हजार. केवळ बोनसवर गाडी घ्यायची म्हटले तर ४७ वर्षे लागतील, आणि त्यासाठी दर वर्षी बोनस मिळायला हवा. केंद्राचे किसान सन्मानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार मिळून वर्षाला होतात बारा हजार. गाडीची टाकी ५७ लिटरची आहे. दोनदा भरली की सन्मान संपत आला.

विकत घेण्याच्या सोयीत मात्र गाडी आमच्या पुढे आहे, हे कबूल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी बुकिंग उघडले तेव्हा पहिल्या ६० मिनिटांत १,७६,२१८ लोकांनी गाडी नोंदवली. याच सुमारास आमच्याकडे हलका धान कापणीला येतो आणि तो आधारभूत केंद्रावर विकण्याची नोंदणी सुरू व्हायची असते. तिथे सातबारा लागतो, ई-पीक नोंद लागते, आधार लागते, पासबुक लागते. हे सगळे जमले की सर्व्हर लागत नाही, आणि सर्व्हर लागला की बारदाना नसतो. १८ लाखांची वस्तू घ्यायला एक तास आणि ९० क्विंटल धान विकायला अख्खा हंगाम. देशाची प्रगती झाली आहे, फक्त ती घेणाऱ्याच्या बाजूने झाली आहे.

मग ही गाडी कोणाच्याच कामाची नाही का? आहे, आणि इथे विनोद बाजूला ठेवतो. सालेकसा आणि देवरी तालुक्यांत जंगल आहे, टेकड्या आहेत, पावसाळ्यात नाले वाट अडवतात. रोवणीच्या दिवसांत साप चावतो, अडलेली बाळंतीण असते, आणि रुग्णवाहिका पक्क्या रस्त्याच्या टोकाला उभी राहून वाट पाहते. अशा वेळी चारही चाकांनी ओढणारी, बंद काचांची, अपघात-चाचणीत पाच तारे मिळवलेली गाडी हवी. ती आरोग्य केंद्राच्या दारात हवी, वनरक्षकाच्या नाक्यावर हवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दवाखाना गाठलेल्या कोणालाही विचारा. मात्र एक सूचना: ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असे कंपनी सांगते, ते उभ्या पाण्याचे. वाहत्या पाण्याला मोठी गाडी उचलायला दोन फूटसुद्धा पुरतात. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कोणत्याही घराण्याची असो, अलीकडेच थांबावे.

राहिला शेतकऱ्याच्या शेतरस्त्याचा प्रश्न. सरकारने मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजना काढली, २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद करून सातबाऱ्यावर नोंदवण्याचा निर्णयही काढला. तो निर्णय मामाजींच्या पांदणीपर्यंत पोचला, तर तिथे काळी-पिवळीही जाईल आणि हार्वेस्टरही. पांदण सुधारायची की पांदणीला पुरून उरणारी गाडी घ्यायची, यात स्वस्त काय ते ८१७ क्विंटलांच्या हिशेबात आलेच आहे.

त्यामुळे निकाल द्यायला गाडीपरीक्षक लागत नाही, तो जीएसटी परिषदेने देऊन ठेवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर कर ५ टक्के आणि रॉक्सच्या आकाराच्या गाडीवर ४० टक्के. अवजार कोणते आणि चैन कोणती, हे दिल्लीने एवढ्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल. चिखलात मौज म्हणून जाणाऱ्याला ही गाडी उत्तम आहे. चिखलात पोटासाठी जाणाऱ्याला तिथे नेणारे वाहन नको असते, तिथले काम उरकून देणारे यंत्र हवे असते. म्हणून वाचकहो, तुम्ही जावई असाल तर रॉक्स खुशाल घ्या, आणि रोवणीत एकदा तरी मामाजींना तिच्यातून बांधीवर न्या. तुम्ही शेतकरी असाल तर ट्रॅक्टर घ्या, आणि लेकीसाठी स्थळ पाहताना गाडीची चौकशी करा. आसनाचा रंग मात्र आधीच ठरवून घ्या.